पक्षाघाताची नोंदवही : अंश मिळतो, छेद कुठून आणायचा?

अंशछेद (धागालेखक)

माझ्या आजोळी पक्षाघात झालेल्या माणसाबद्दल ‘त्याच्या अंगावरून वारं गेलं’ असे म्हणत. वारे एकदा येते आणि निघून जाते. त्याचा पुढे हिशोब ठेवायचा नसतो. आपल्या रुग्णालयांची कागदपत्रेही याच समजुतीने लिहिलेली असतात. डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची तारीख असते, सीटी स्कॅनचा निष्कर्ष असतो, गोळ्यांची यादी असते आणि तळाशी ‘दोन आठवड्यांनी दाखवणे’ एवढी एक ओळ असते. त्यानंतर तो माणूस उठून बसला का, न्हाणीपर्यंत स्वतःच्या पायांनी जाऊ लागला का, तीन वर्षांनी पुन्हा झटका आला तेव्हा त्याला कुठे नेले, यांतले काहीच त्या कागदावर येत नाही.

मी डॉक्टर नव्हे, संख्याशास्त्राचा माणूस आहे. रुग्णांच्या दीर्घ मुदतीच्या पाठपुराव्याची आकडेमोड हे माझे रोजचे काम आहे, आणि या कामात ज्या नोंदवहीचे उदाहरण वारंवार पुढे येते तिची ओळख करून देण्यासाठी हा धागा काढतो आहे. ती आहे दक्षिण लंडनची पक्षाघात नोंदवही. किंग्ज कॉलेज लंडनमध्ये चार्ल्स वुल्फ यांच्या पुढाकाराने ती जानेवारी १९९५ मध्ये सुरू झाली. लॅम्बेथ आणि सदर्क या लंडनच्या दोन बरोंमधल्या (पालिका-विभागांतल्या) ठरावीक प्रभागांत राहणाऱ्या कोणालाही, कोणत्याही वयात, आयुष्यातला पहिला पक्षाघात झाला की त्याची नोंद करायची, आणि मग ३ महिन्यांनी, १ वर्षाने व पुढे दरवर्षी त्याला गाठून विचारपूस करायची, असा तिचा साधा नेम आहे. नेम साधा असला तरी तो पाळणे किती जड जाते, हे ज्यांनी एखाद्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी अद्ययावत ठेवण्याचा प्रयत्न केला आहे त्यांना सांगायला नको.

या नोंदवहीत आणि एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या रजिस्टरात मूळ फरक छेदाचा आहे. रुग्णालयाकडे अंश असतो : यंदा आमच्याकडे ६०० पक्षाघाताचे रुग्ण आले. पण ते ६०० किती लोकांमधून आले? रुग्णालयाचे नाव झाले की लांबून माणसे येतात, रुग्णवाहिकेने मार्ग बदलला की येईनाशी होतात, आणि आजार वाढला आहे की नुसती रुग्णालयाची कीर्ती, हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही. लोकसंख्याधारित नोंदवही आधी भूभाग ठरवते, त्याची जनगणना हाती घेते आणि मग त्या हद्दीतला एकही रुग्ण निसटू नये म्हणून सगळीकडे जाळे टाकते. दक्षिण लंडनमध्ये हे जाळे एक-दोन धाग्यांचे नाही. रुग्णालयांचे वॉर्ड, तातडीचा विभाग, मेंदूच्या स्कॅनसाठी आलेल्या मागण्या, कुटुंबवैद्यांच्या नोंदी, मृत्यूचे दाखले, कॉरोनरचे (संशयास्पद वा आकस्मिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे) कागद, घरी जाऊन उपचार करणारे थेरपिस्ट, अगदी रुग्णाचे नातेवाईकसुद्धा, असे डझनाहून अधिक स्रोत एकमेकांशी ताडून पाहिले जातात. जो रुग्णालयात गेलाच नाही तोही सापडला पाहिजे आणि जो पोहोचण्याआधीच वारला तोही.

इतका खटाटोप केल्यामुळे काय दिसले? १९९५ ते २०१० या काळात पहिल्या पक्षाघाताचे वार्षिक प्रमाण लाखामागे २४७ वरून १४९.५ वर, म्हणजे ३९.५ टक्क्यांनी उतरले. मात्र १५ ते ४४ या वयोगटात आणि कृष्णवर्णीय रहिवाशांत ही घसरण दिसली नाही. याच नोंदवहीच्या पहिल्या दोन वर्षांच्या आकड्यांवरून १९९९ मध्ये असे मांडले गेले होते की वय आणि लिंग यांचा फरक वजा केल्यावरही कृष्णवर्णीय रहिवाशांत पक्षाघाताचे प्रमाण गोऱ्यांच्या २.२ पट आहे. छेदाची वर्णनिहाय, वयोनिहाय फोड हाती नसती तर यांतले एकही वाक्य लिहिता आले नसते.

पण मला जास्त मोलाचा वाटतो तो पुढचा भाग, म्हणजे त्याच त्या माणसांकडे वर्षानुवर्षे परत जाणे. २०११ मध्ये ३,३७३ रुग्णांच्या पाठपुराव्यावरून दहा वर्षांचे चित्र प्रसिद्ध झाले. वाचलेल्यांपैकी साधारण २० ते ३० टक्क्यांची स्थिती कोणत्या ना कोणत्या बाबतीत वाईटच राहते, असे त्यात दिसले, मग ते हिंडणे-फिरणे असो, आकलन असो, मनाची उभारी असो. पुढे पंधरा वर्षांचा हिशोब आला : पहिल्या पक्षाघातानंतर पंधरा वर्षे जगलेले पाचांत एक. त्यात नैराश्याचे आकडे मुद्दाम बघण्यासारखे आहेत. कोणत्याही एका वर्षी पाहिले तर २९ ते ३९ टक्के लोक नैराश्यात सापडतात, परंतु पंधरा वर्षांत कधी ना कधी नैराश्य आलेल्यांची बेरीज ५५ टक्के होते. म्हणजे नैराश्यात असलेले तेच ते लोक नव्हेत. जवळपास निम्मे वर्षभरात त्यातून बाहेर पडतात, काही परत बुडतात, काही नवे येतात. दरवर्षी वेगवेगळी माणसे निवडून पाहणी केली असती तर ‘एकतृतीयांश रुग्ण कायम उदास असतात’ असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता आणि तो पटलाही असता.

आपल्याकडे हे काम झालेच नाही असे नाही. मुंबईत डॉ. प्रफुल्ल दलाल आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये सुमारे दीड लाख वस्तीच्या एका भागात पहिल्या पक्षाघाताचे ४५६ रुग्ण नोंदवले. वार्षिक प्रमाण लाखामागे १४५ निघाले आणि २८ दिवसांत सुमारे ३० टक्के दगावले. तिरुवनंतपुरमच्या २००५ च्या नोंदवहीत शहरी आणि ग्रामीण भागांतले प्रमाण जवळजवळ सारखे होते, पण २८ दिवसांत दगावणारे शहरात २४.५ टक्के तर खेड्यांत ३७.१ टक्के होते. कोलकात्यातही प्रमाण लाखामागे १४५ च निघाले आणि ३० दिवसांतले मृत्यू ४१ टक्के. आज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बंगळुरूच्या केंद्रातर्फे कछार, कटक, कोटा, तिरुनेलवेली आणि वाराणसी येथे नोंदवह्या चालतात. अडचण अशी की आपली सार्वजनिक चर्चा २८ दिवसांच्या उंबऱ्यापाशीच थांबते. एकोणतिसाव्या दिवशी जिवंत असलेल्या सत्तर टक्क्यांचे पुढे काय, यावर इथल्या जाणत्यांनी लिहावे अशी इच्छा आहे.

वैद्यबुवा

धागा आवडला. निवृत्त फिजिशियन म्हणून एक भर घालतो, कारण ‘नोंदवही ठेवून रुग्णाला काय मिळाले’ हा प्रश्न मला नोकरीभर विचारला गेला.

ऑक्सफर्डशायरमध्ये १९८१ ते १९८६ या काळात सुमारे एक लाख लोकांत पक्षाघाताची सामुदायिक पाहणी झाली होती. त्याच परिसरात २००२ पासून पीटर रॉथवेल यांच्या नेतृत्वाखाली नवी नोंदवही सुरू आहे. तिच्यात मोठ्या पक्षाघातासोबत अल्पजीवी झटक्यांचीही नोंद होते, म्हणजे दहा-वीस मिनिटे हात लुळा पडला, बोबडी वळली आणि मग सगळे पूर्ववत झाले, असे प्रसंग. आपल्याकडे अशा वेळी ‘पित्त झालं असेल’ म्हणून सोडून देतात. अशा झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच खरा पक्षाघात येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, हे मोजता आले ते रुग्णालयात न आलेले लोकही नोंदवहीत असल्यामुळे. मग तेथे तातडीचे क्लिनिक सुरू केले, त्याच दिवशी तपासणी आणि त्याच दिवशी औषध. ९० दिवसांत पक्षाघात येण्याचा धोका १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आला. औषधे तीच होती, ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, रक्तदाबाच्या गोळ्या. बदलली ती फक्त वेळ. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या वर्षी मी माझ्या ओपीडीतल्या कंपाउंडरला सांगून ठेवले की ‘हात लुळा पडला होता, आता बरा आहे’ असे म्हणणाऱ्याला रांगेत बसवायचे नाही.

एक शंकाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी व्याख्या लक्षणे २४ तासांहून अधिक टिकण्यावर किंवा मृत्यू येण्यावर उभी होती. आता एमआरआयमध्ये मेंदूचा छोटासा भाग मेलेला दिसला तर लक्षणे तासाभरात गेली तरी काही व्याख्या त्याला पक्षाघातच म्हणतात. तीस वर्षे चालणाऱ्या नोंदवहीत मध्येच फूटपट्टी बदलली तर चढ-उतार आजाराचा आहे की फूटपट्टीचा?

अंशछेद

वैद्यबुवा, म्हणूनच जुन्या नोंदवह्या नवी व्याख्या आली तरी जुन्या व्याख्येनुसार मोजणे सोडत नाहीत. फार तर दोन्ही रकाने चालवतात. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत पक्षाघात रक्ताभिसरणाच्या प्रकरणातून उचलून मज्जासंस्थेच्या प्रकरणात नेला आहे. मेंदूविकारतज्ज्ञांना त्याचा आनंद झाला असेल. संकेतांक वापरून जुन्या मृत्युनोंदी शोधणाऱ्यांना मात्र तक्ते पुन्हा जुळवत बसावे लागते.

शंकासूर

माझे मत जरा वेगळे आहे. एवढे स्रोत ताडून पाहिले तरी सगळे रुग्ण सापडले हे कशावरून? जो कोणालाच दिसला नाही तो तुमच्या वहीत येणार कसा, आणि तो आला नाही हे तुम्हाला कळणार कसे? दुसरे असे की, आता प्रत्येकाचा आरोग्य क्रमांक निघतो आहे, विम्याचे दावे संगणकावर आहेत. मग माणसे घरोघर पाठवण्याचा हा जुनाट खर्च कशासाठी?

अंशछेद

पहिल्या प्रश्नाला तळ्यातल्या माशांचे उत्तर आहे. तळ्यातून काही मासे पकडायचे, खूण करून सोडायचे, परत जाळे टाकायचे आणि दुसऱ्या खेपेत खुणेचे किती आले यावरून तळ्यात एकूण किती असतील याचा अंदाज करायचा. समजा, रुग्णालयाच्या यादीत ८० नावे आहेत, कुटुंबवैद्यांच्या यादीत ५०, आणि दोन्हींत असलेली ४०. हाती लागली ९० माणसे. आता वैद्यांच्या ५० पैकी ४०, म्हणजे ८० टक्के, रुग्णालयाला सापडले होते. तर रुग्णालयाच्या ८० या आकड्यामागे एकूण १०० असावेत. दहा जण कोणालाच दिसले नाहीत. (हे आकडे समजुतीपुरते घेतले आहेत.) दक्षिण लंडनच्या नोंदवहीने याच पद्धतीने स्वतःची पूर्णता ८८ टक्के काढली आहे आणि ती स्वतःच्या लेखांत छापते. वही पूर्ण आहे असे सांगणाऱ्यापेक्षा ती किती अपूर्ण आहे हे सांगणाऱ्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

यात फट नाही असे नाही. दोन याद्या एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे हे गणित धरून चालते. प्रत्यक्षात ज्याची अवस्था बिकट तो दोन्ही याद्यांत येतो आणि ज्याचा फक्त तळहात बधिरला तो दोन्हींतून निसटतो. मग सामाईक आकडा फुगतो आणि एकूण अंदाज खऱ्यापेक्षा कमी निघतो. म्हणून दोनावर न थांबता स्रोत वाढवत न्यायचे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेत डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या सुमारे ९४ हजार लोकांमधले दोन वर्षांचे, एप्रिल २०११ ते मार्च २०१३ मधले, सगळे मृत्यू तपासले. मृताच्या घरी जाऊन नातेवाइकांकडून शेवटच्या आजाराची हकीकत ऐकायची आणि तीवरून कारण ठरवायचे, अशी पद्धत होती. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते आणि कोणत्याही कारणापेक्षा हा आकडा मोठा होता. त्यांपैकी ८७.३ टक्के मृत्यू घरी झाले. विम्याच्या दाव्यांतून आणि रुग्णालयाच्या संगणकांतून तुम्ही नोंदवही केली असती तर यांतले किती जण तुम्हाला दिसले असते, शंकासूर?

शंकासूर

गडचिरोलीचा मुद्दा मान्य. घरी वारलेला माणूस संगणकात नसतो.

रानवाटा

आमच्या सोलापूर जिल्ह्यात याला एक जुने उदाहरण आहे, ते पक्षाघाताचे नसून कर्करोगाचे आहे. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवही सुरू केली, पण ती शहरातली होती. रुग्णालये आणि प्रयोगशाळा धुंडाळल्या की बहुतेक रुग्ण सापडत. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण नोंदवही सुरू झाली तेव्हा ही रीत चालेना, कारण गाठ आलेला माणूस तालुक्याच्या गावीही जात नसे. म्हणून नोंदवहीची माणसे ठरावीक काळाने गावोगाव जाऊ लागली, शिक्षक, सरपंच, दाई यांच्याशी बोलून लक्षणे असलेल्यांचा शोध घेऊ लागली आणि त्यांना तपासणीसाठी बार्शीला आणू लागली. कर्करोगासाठी हे जमले तर पक्षाघातासाठी का जमू नये, असे मला वाटत असे.

अंशछेद

जमेल, पण पक्षाघात थांबत नाही. गाठ पुढच्या फेरीपर्यंत असते आणि तिचा तुकडा प्रयोगशाळेत तपासता येतो. पक्षाघाताचा रक्तस्राव आहे की गुठळी आहे हे ठरवायला सीटी स्कॅन पहिल्या काही दिवसांत व्हावा लागतो. फार उशीर झाला तर छोटा रक्तस्राव गुठळीसारखाच दिसू लागतो. तीन महिन्यांनी गावात गेलात तर पक्षाघात झाला होता एवढे कळेल, कोणत्या प्रकारचा हे कळणार नाही, आणि जे आठवड्यात वारले ते तर कोणी आठवण काढली तरच कळतील. म्हणून पक्षाघाताच्या नोंदवहीत ताज्या मागावर धावावे लागते. रुग्ण दाखल झाल्याबरोबर निरोप यायला हवा.

फिजिओताई

मी नाशिकजवळ एका लहान गावात फिजिओथेरपिस्ट आहे आणि काही वर्षांपूर्वी एका पाठपुराव्याच्या अभ्यासात मुलाखती घेण्याचे काम केले आहे. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार करायची आहे. अभ्यासाची प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत उतरवलेली होती आणि ती उतरवणाऱ्याने बहुधा फ्लॅटच्या बाहेर पाऊल टाकलेले नव्हते.

रुग्ण रोजची कामे स्वतः किती करू शकतो हे मोजणाऱ्या बार्थेल निर्देशांकात दहा बाबी असतात : जेवण, अंघोळ, कपडे, शौच, खुर्चीतून पलंगावर जाणे, चालणे वगैरे, आणि शेवटी जिना चढणे. वीसपैकी गुण द्यायचे. मी एका आजोबांकडे गेले होते. पत्र्याचे घर, समोर सारवलेले अंगण, उंबरा वीतभर उंच. ‘जिना चढता येतो का?’ असे विचारल्यावर ते हसले आणि म्हणाले, “बाई, जिना तर धडधाकट होतो तेव्हा पण नव्हता.” मग गुण किती द्यायचे? सूचना अशी होती की, येत नसेल तर शून्य. म्हणजे त्यांच्या घरात मजला नाही म्हणून त्यांचे अपंगत्व दोन गुणांनी वाढले. प्रत्यक्षात त्यांची अडचण होती ती उकिडवे बसण्याची. देशी संडासात डाव्या पायावर भार देऊन उठता येत नव्हते, म्हणून मुलाने मधोमध भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची आणली होती आणि ती ठेवल्यावर ते कोणाच्या मदतीविना जात होते. प्रश्नावलीत त्या खुर्चीला रकाना नव्हता.

दैनंदिन कामांची जी पंधरा प्रश्नांची फ्रेंचे सूची आहे तिची गंमत वेगळीच. स्वयंपाक करता का, भांडी घासता का, कपडे धुता का, बागकाम, मोटार चालवणे किंवा बसने जाणे, पुस्तक वाचणे. आमच्याकडच्या पासष्टीच्या पुरुषाने पक्षाघाताआधीही चहाचे पातेले उचललेले नसते. त्याचा गुणांक आधीच तळाला. त्याच्या बायकोला पक्षाघात झाला तर मात्र तिचे गुण धाडकन कोसळतात. तिचे दुःख मोजले जाते आणि त्याचे मोजलेच जात नाही, किंवा उलटेही म्हणता येईल. मी हे कागदाच्या मागे लिहून पाठवले होते. संगणकात भरणाऱ्या मुलाने मागची बाजू पाहिली नाही.

अंशछेद

फिजिओताई, तुमचा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. जिन्याच्या प्रश्नाला काही जण ‘उंबरा किंवा दोन-तीन पायऱ्या’ असा पर्याय ठेवतात आणि तसे केल्याचे नोंदवतात. पण त्याने लंडनच्या गुणांशी तुलना सैल होते, ही किंमत मोजावीच लागते.

तुमच्यामुळे एक जुना खड्डा आठवला, तो इथेच दाखवतो. समजा, १०० रुग्णांपैकी सुरुवातीला ४० जण परावलंबी आहेत. पाच वर्षांत त्या ४० पैकी ३० वारले आणि उरलेल्या ६० पैकी १० वारले. आता ६० जण उरले, त्यांत परावलंबी १०. प्रमाण ४० टक्क्यांवरून १७ वर आले. एकही माणूस सुधारला नाही, तरीही कागदावर ‘पाच वर्षांत अपंगत्व निम्म्याहून कमी’ असे लिहिता येते, आणि मी ते लिहिलेले पाहिले आहे. दक्षिण लंडनच्या दहा वर्षांच्या पाहणीत वाचलेल्यांमधल्या मध्यम ते तीव्र अपंगत्वाचे प्रमाण हजारी ११० च्या आसपास जवळपास स्थिर राहिले. वरवर पाहता ‘काही बदलले नाही’ असे वाटेल. पण त्या काळात परावलंबी माणसे जास्त वेगाने जात होती. तरीही प्रमाण टिकले, याचा अर्थ आधी बरी असलेली माणसे मागून त्या गटात येत होती. ती कोण आणि का, हे एकेकाच्या वार्षिक नोंदी ओळीने लावल्यावरच दिसते.

थेम्सकाठ

मी गेली अठरा वर्षे कॅम्बरवेलमध्ये राहते, म्हणजे सदर्कमध्येच. छेदाबद्दल जे लिहिले आहे ते इथे डोळ्यांसमोर घडते. एलिफंट अँड कॅसलजवळची हेगेट ही मोठी वसाहत २०११ ते २०१४ या काळात पाडली गेली. तिथले भाडेकरू कुठल्या कुठे पांगले आणि त्या जागी काचेच्या इमारतींत तरुण नोकरदार आले. लोकसंख्या वाढली, पण ती वेगळी लोकसंख्या होती. अशा वेळी नोंदवही कोणाला धरून ठेवते? आमच्या जिन्यातल्या एका जमैकन आजींना पक्षाघात झाला आणि वर्षभराने त्या मुलीकडे हद्दीबाहेर क्रॉयडनला राहायला गेल्या.

दुसरे, इथे भारतीय लोकांचे काय प्रमाण निघाले असे मला पुण्याहून नेहमी विचारतात.

अंशछेद

आजींचे नाव वहीतून जात नाही. पक्षाघात झाला त्या दिवशी माणूस हद्दीत राहत होता का, एवढाच प्रवेशाचा निकष असतो. पुढे तो कुठेही गेला तरी प्रश्नावली टपालाने किंवा भेट घेऊन भरून घ्यायची असते. छेद मात्र दर जनगणनेला बदलतो. नोंदवहीच्या भागाची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे २ लाख ७२ हजार होती आणि २०११ मध्ये ३ लाख ५७ हजार. जुन्याच छेदाने भागत राहिले असते तर आजार वाढल्याचा भास झाला असता. आपल्याकडे २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे ठाणे किंवा पिंपरी-चिंचवडसारख्या ठिकाणी आज कोणी नोंदवही काढली तर २०११ च्या आकड्यावर अंदाजाची कलमे बांधत बसावे लागेल.

भारतीयांबद्दल त्या नोंदवहीतून फारसे सांगता येत नाही. त्या भागातले मोठे अल्पसंख्य गट कॅरिबियन आणि आफ्रिकी आहेत. लंडनमध्येच भारतीय वस्ती मोठी असलेल्या हॅरो किंवा ब्रेंटमध्ये अशी वही असती तर गोष्ट निराळी असती.

काळाकोट

वकील म्हणून विचारतो. एवढी माहिती गोळा करताना रुग्णाच्या संमतीचे काय? पक्षाघात झालेल्या माणसाला बोलता येत नाही, सही करता येत नाही.

अंशछेद

या प्रश्नावर कॅनडाचा अनुभव बोलका आहे. तिथे रुग्णालयांच्या पक्षाघात नोंदवहीत प्रत्येकाची लेखी संमती आवश्यक केली होती. २००४ मध्ये निकाल आला : पहिल्या टप्प्यात ३९ टक्के आणि दुसऱ्यात ५१ टक्के रुग्णांचीच संमती मिळू शकली. संमती दिलेल्यांमध्ये रुग्णालयातले मृत्यू ६.९ टक्के, न मिळालेल्यांमध्ये २१.७ टक्के. जे बेशुद्ध होते, लगेच वारले किंवा लगेच घरी गेले, ते विचारण्याआधीच निघून गेले होते. अशा वहीवरून ‘आमच्याकडे मृत्युदर कमी आहे’ असे कोणी म्हटले तर ते खरे नसते आणि खोटे बोलण्याचा हेतूही नसतो.

इंग्लंडमध्ये २००६ च्या आरोग्य सेवा कायद्यातल्या कलम २५१ नुसार, संमती घेणे व्यवहार्य नसेल तर मंजुरी घेऊन माहिती वापरता येते. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकी यांसाठी सवलत आहे, पण ठरवून दिलेली मानके पाळण्याच्या अटीवर. प्रत्यक्षात दोन थर करणे मला योग्य वाटते : पक्षाघात झाला एवढी किमान नोंद सर्वांची, आणि दरवर्षीच्या मुलाखतीसाठी मात्र संमती, तीही प्रत्येक वेळी नव्याने. वाचा गेलेल्यासाठी घरच्यांची सही घेतली जाते. ती घेताना रुग्णाकडे पाठ करून बसू नये एवढे पथ्य तरी पाळता येते.

काळाकोट

दोन थरांची कल्पना पटली. पहिल्या थराला कायद्याचे स्पष्ट पाठबळ लागेल, नाहीतर कोणतेही खाजगी रुग्णालय नावे देणार नाही.

फिजिओताई

एक व्यावहारिक प्रश्न. माझ्याकडे गेल्या चार वर्षांतल्या पक्षाघाताच्या ३७ रुग्णांची वही आहे. तिचा काही उपयोग आहे का?

अंशछेद

प्रमाण काढायला नाही, कारण तुमच्याकडे येणारे आधीच निवडले गेलेले आहेत : जे जगले, ज्यांना फिजिओथेरपी सांगितली गेली आणि ज्यांना रिक्षाचे पैसे परवडले. पण पाठपुरावा कुठे गळतो हे शिकायला ती वही सोन्यासारखी आहे. तीन गोष्टी करा. एक, तुमच्याकडे आले ती तारीख नव्हे, तर झटका आला ती तारीख लिहा. काळ तिथून मोजायचा असतो. दोन, प्रत्येकाचे वेगवेगळ्या घरातले दोन फोन नंबर घ्या. तीन, जो सापडत नाही त्याच्यापुढे रिकामी जागा न ठेवता ‘वारले’, ‘गाव सोडले’, ‘नको म्हणाले’, ‘पत्ता लागला नाही’ यांपैकी एक लिहा. या चार गोष्टी एक नव्हेत आणि बहुतेक वह्यांत त्या एकाच फुलीने दाखवलेल्या असतात.

फिजिओताई

दोन दिवसांत २९ जणांना फोन केले. १८ जणांशी किंवा घरच्यांशी बोलणे झाले, त्यांतले ४ वारले आहेत, एकाचे दिवस कालच झाले. ३ जण मुलांकडे मुंबईला आणि सुरतेला गेले. एक ताई म्हणाल्या की आता कशाला विचारता. उरलेल्या ७ जणांचे नंबर बंद आहेत. त्यांतले जिन्यावाले आजोबाही आहेत. रविवारी त्या बाजूला जाणार आहे, तेव्हा घरी डोकावेन आणि इथे कळवेन.